शंभर मीटरांतले आठ मीटर

मंगळवारी रस्त्यावर डांबर पडले. आमच्या रेषा त्याखाली गेल्या. गुरुवारी जयरामदादांनी रेषा पुन्हा मारल्या. मी त्या दिवशी रजेवर होतो.

एवढेच झाले. पण त्या गुरुवारपासून शिमग्यापर्यंत आम्ही दोघांनी जे जे कागद लिहिले त्यांतले कितीतरी खोटे होते, आणि ते आम्हा दोघांपैकी एकालाही ठाऊक नव्हते. जयरामदादा यंदा आषाढात गेले. ते असताना ही गोष्ट आम्ही पुष्कळ वेळा सांगितली. ते सांगायचे आणि मी आकडे दुरुस्त करायचो. आता एकट्यानेच सांगायची आहे, म्हणून रोज अर्धे पान, असे हळूहळू लिहितो आहे.

मी वाहतूक पोलीस होतो. गोवा मुक्त झाल्यावर पुढे काही वर्षांनी भरती झालेल्यांपैकी. मॅट्रिक झालेला, गणित बरे, अक्षर चांगले आणि खिशात नेहमी एखादे पुस्तक. म्हणून दादा मला पहिल्या दिवसापासून ‘मास्तर’ म्हणत. ते पेडण्याचे, माझ्याहून बारा वर्षांनी मोठे, हवालदार. आमच्याकडे काम होते वेग मोजण्याचे.

आता खांबावर कॅमेरा असतो आणि दंडाचा निरोप फोनवर येतो. तेव्हा यंत्र नव्हते. रस्त्यावर शंभर मीटर अंतर ठेवून दोन पांढऱ्या रेषा मारलेल्या असत. पहिल्या रेषेशी दादा लाल फडके घेऊन उभे राहत. गाडीचे पुढचे चाक रेषेवर आले की फडके खाली. दुसऱ्या रेषेशी मी. फडके खाली आले की घड्याळाची कळ दाबायची, चाक माझ्या रेषेवर आले की पुन्हा दाबायची. शंभर मीटर नऊ सेकंदांत कापले तर वेग ताशी चाळीस. नवाच्या आत कापले तर चाळीसच्या वर. प्रत्येक वेळी भागाकार नको म्हणून मी एक तक्ता करून पुठ्ठ्यावर चिकटवला होता. घड्याळ पाहायचे, तक्ता पाहायचा, शिटी मारायची. पुढच्या वळणावरचा होमगार्ड गाडी थांबवायचा.

डिचोलीहून सुर्ल्याकडे जाणाऱ्या त्या टापूत भरलेल्या ट्रकांना चाळीसची मर्यादा होती. हाताने मोजायचे म्हटल्यावर थोडे पुढेमागे होणारच, म्हणून बेचाळीसपर्यंत आम्ही सोडून देत असू. त्रेचाळीसपासून दंडाचा कागद. साठ-सत्तरने जाणारा सापडला की तो मान खाली घालतो, सही करतो आणि जातो. भांडतो तो त्रेचाळीसवाला. “तीनाने काय जाता, हवालदारानू?” हा प्रश्न मी नोकरीत जितक्या वेळा ऐकला तितक्या वेळा स्वतःचे नावही ऐकले नसेल. दंड तसा किरकोळ असे. भीती असे ती परवान्यावरच्या नोंदीची. परवाना तेव्हा छोट्या पुस्तकासारखा असे. त्यावर आम्ही तारीख घालून वेग लिहायचो. अशा तीन नोंदी झाल्या की परवाना काही महिने जमा, आणि खनिजाच्या ट्रकवाल्याचा परवाना जमा झाला की मालक दुसऱ्याच दिवशी ट्रक दुसऱ्याच्या हातात देई.

जयरामदादा कसे होते ते सांगायला एक प्रसंग पुरेल. चवथीच्या आदल्या दिवशी आम्ही धारगळला हमरस्त्यावर होतो; तिथे वस्तीतून जाताना सगळ्याच गाड्यांना चाळीसची मर्यादा होती. एक जीप शेहेचाळीसने आली. मुलगा चालवत होता, शेजारी म्हातारे वडील मांडीवर पाट आणि पाटावर गणपती घेऊन बसलेले, तोंडावर रुमाल घातलेला. दादांनी आधी टोपी काढली, गणपतीला हात जोडले, टोपी घातली आणि मग पावतीपुस्तक काढले.

म्हातारा म्हणाला, “हवालदारानू, गणपतीक वाटेत थांबवचो नसता.”

“तां माकाय ठावक आसा. पण सेचाळीसन गणपती न्हेवचो नसता, तां तुमका ठावक नाय?”

“मगे आता काय करूया?”

दादा जीपमध्ये मागे चढून बसले. “चला. हळू चला.”

मी रस्त्यावर एकटाच. दोन तासांनी ते चालत परत आले, हातात केळीच्या पानात बांधलेली करंज्यांची पुडी. गणपती घरी मखरात बसला, आरती झाली, मग त्यांनी मुलाची सही घेतली.

“दंड माफ केला नाहीत ना?” मी विचारले.

“माफ कित्याक? सही आसा बघ. नेवऱ्यो वेगळ्यो, त्यो तुका दिल्यानी.”

देवाचे देवाला आणि सरकारचे सरकारला, दोघांपैकी कुणाला दुखवायचे नाही, ही त्यांची रीत. हा प्रसंग सांगून आम्ही वर्षानुवर्षे हसलो. त्याच रीतीमुळे पुढे घोळ होणार आहे हे तेव्हा मला कसे कळावे?

त्या गुरुवारी मी रजा घेऊन पणजीला पुस्तके आणायला गेलो होतो. परत आलो तो नव्या काळ्या डांबरावर दोन रेषा झगझगत होत्या. मी विचारले, “मोजून मारल्यात ना?” दादा म्हणाले, “मारल्यो.” मला ते पुरले. तक्ता माझा होता, हिशोब माझा होता, टेप धरायची जबाबदारीही माझीच होती. पिशवीत नवी पुस्तके होती आणि मी खुशीत होतो.

त्यानंतर आमचे काम वाढले. त्रेचाळीस, चव्वेचाळीस, पुन्हा त्रेचाळीस. वरून शाबासकी आली. मी म्हटले, नवे डांबर, गुळगुळीत रस्ता, चाके पळणारच. पटण्यासारखे होते. शिवाय पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पुरावा होता. आमचा पोदेर रोज सकाळी सायकलच्या मागे पावांचा हारा बांधून भोंपू वाजवत त्या दोन रेषांमधून जाई आणि जाताना ओरडे, “आज कितले?” दादा त्याच्यासाठीही फडके खाली टाकत आणि मी घड्याळ दाबून सांगे, “अठरा!” कित्येक महिने तो अठरावरच होता. डांबर पडल्यावर तो एकदम साडेएकोणीस झाला. सायकलवरून उतरलाच.

“साडेएकूणीस? परत सांग!”

“साडेएकोणीस.”

“बायल म्हणटा, तूं म्हातारो जालो. आयज तिका सांगतां!” त्या दिवशी बायकोला सांगायला आकडा मिळाल्याच्या आनंदात त्याने आम्हाला दोन गरम उंडे फुकट दिले. मी खाल्ले. त्या पावात सगळे उत्तर होते, पण मला दिसले नाही.

शिमग्याच्या आधी विश्राम सापडला. सावंतवाडीकडचा, तिशीचा, सडसडीत माणूस. दहा वर्षे क्लीनर म्हणून काढल्यावर त्या वर्षीच त्याला कोरा ट्रक चालवायला मिळाला होता. घड्याळात चव्वेचाळीस. परवान्यावर आधीच दोन नोंदी, दोन्ही माझ्या अक्षरात, दोन्ही डांबरानंतरच्या. ही तिसरी.

मी कागद पुढे केला. तो म्हणाला, “सही करूचंय नाय.”

“सगळेच असे म्हणतात.”

“सगळे म्हणत आसतीत. माझ्या गाडयेचो काटो नवो आसा, मास्तरानू. चाळीसवर बांदून घातल्यासारखो होतो. दोन येळा तुमी धरलास, तेवापासून मी काट्यावरची नजर काडूक नाय. बायलेकडेसुदिक इतको बगूक नाय.”

मागे खोळंबलेल्या ट्रकांमधून हसण्याचा आवाज आला. विश्राम मात्र हसत नव्हता. त्याने परवान्याचे पुस्तक माझ्यासमोर उघडे धरले.

“ह्यो कागद झालो की ट्रक गेलो,” तो म्हणाला. “मगे परत क्लीनर. तुमी एक काम करा. माझ्यावांगडा बसा. घड्याळ घेवन बसा. तुमच्या घड्याळात चव्वेचाळीस आणि माझ्या काट्यावर चाळीस इले, तर मी काय करू तां तुमीच सांगा.”

नियमात असे कुठे लिहिले नव्हते, आणि बसू नये असेही लिहिले नव्हते. मी दादांकडे पाहिले. ते आपल्या रेषेशी उभे राहून दुसरीकडे बघत होते. मी ट्रकमध्ये चढलो. उभ्या जन्मात ट्रकच्या पुढच्या सीटवर मी पहिल्यांदा बसलो. सगळा रस्ता खाली दिसतो. पोलीस अगदी लहान दिसतो.

विश्रामने ट्रक मागे नेऊन वळवला आणि काटा चाळीसवर आणून ठेवला. खरोखर बांधून घातल्यासारखा. पहिली रेषा, कळ. दुसरी रेषा, कळ. आठ सेकंद आणि वर थोडे. तक्त्यात पाहिले: त्रेचाळीसच्या पुढे. पुन्हा वळवला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच.

“काटा चुकीचा असेल,” मी म्हणालो. माझे मलाच ते खरे वाटले नाही.

“तर मगे तो तपासा.”

पुढे रस्त्याला किलोमीटरचे दगड बसवले होते. चाळीसच्या वेगाने एक किलोमीटरला दीड मिनिट लागते. आम्ही दगडापासून दगडापर्यंत गेलो. नव्वद सेकंद. पुढच्या दगडापर्यंत गेलो. पुन्हा नव्वद. मी तक्त्याच्या पुठ्ठ्यामागे पेन्सिलीने गुणाकार केला. काटा बरोबर, घड्याळ बरोबर. उरला रस्ता. आमचे शंभर मीटर शंभर नव्हते. ब्याण्णव होते.

“काय झाला, मास्तरानू?” विश्रामने विचारले. मी त्याला परत चालायची खूण केली.

जवळच्या हायस्कूलमधून खेळाच्या सरांची तीस मीटरची टेप आणली. तोवर बातमी पसरली होती. सहा-सात ट्रक रांगेत उभे, ड्रायव्हर खाली उतरलेले. टेपचे एक टोक विश्रामने धरले, दुसरे मी. तीस. साठ. नव्वद. आणि दोन. माणसे मोठ्याने मोजत होती. ‘दोन’ झाल्यावर सगळ्यांनी दादांकडे पाहिले.

जुनी रेषा कुठे होती ते मला आता आठवले. पहिल्या रेषेच्या मागे, रस्त्याच्या कडेला, एका झाडाखाली राखणदाराचा दगड आहे. शेंदूर लावलेला, पुढे विड्या आणि फोडलेल्या नारळाची कवडे. त्या टापूची राखण करणारा देव. ट्रकवाले तिथे विडी टाकतात, हात जोडतात. जुनी रेषा खात्याच्या लोकांनी कधीकाळी बरोबर त्याच्या समोरून मारली होती. नवी रेषा त्याच्या पुढे होती, आठ मीटर.

मी दादांना बाजूला घेतले. “दादा, ही रेषा?”

ते खाली पाहत म्हणाले, “जुनी दुसऱ्यांनी मारलेली, मास्तर. ती माझ्या हातची नाय होती. पण त्या गुरवारी ब्रश माझ्या हातात होतो. राखणदाराच्या तोंडासमोर रेघ मारूची, तिच्यार दिवसभर चाकां फिरवची, आणि थंयच उबा रवान लोकांका धरूचा... माका जमूक नाय. दहा पावलां फुडे सरलंय.”

“मग दुसरी रेषा पण दहा पावले पुढे घ्यायची होती.”

त्यांनी वर पाहिले. चेहरा इतका मोकळा होता की मला रागावता येईना. “तां माझ्या टकल्यात इलाच नाय,” ते म्हणाले. “देवाक सोडलंय इतक्याच मनात होता.”

विश्राम तिथेच उभा होता. मी त्याच्यासमोर त्याचा कागद फाडला. त्याने डोळे मिटले आणि राखणदाराच्या दिशेने कपाळाला हात लावला. प्रकरण तिथे मिटवता आले असते. विश्राम बोलला नसता. दुसरी रेषा संध्याकाळी सरकवता आली असती. ते माझ्या मनात आले, हे मी इथे लिहून ठेवतो. पण दादा म्हणाले, “ह्येचो एकट्याचो फाडलंस. ज्येंनी सह्यो केल्यानी त्येंचा काय? साहेबाकडे जावया.”

“दादा, तुमच्या नोकरीवर येईल.”

“येवंदे. रेघ मी मारलंय.”

आमचे इन्स्पेक्टर सासष्टीचे, ख्रिस्ती, कडक. आम्ही दोघे त्यांच्या टेबलासमोर उभे राहिलो. दादांनी सगळे सांगितले. मी ब्याण्णवाचा गुणाकार दाखवला. साहेबांनी तो गुणाकार स्वतः पुन्हा करून पाहिला. मग त्यांनी विचारले, “हा राखणदार, म्हणजे आमच्या गावात वाटेवर खुरीस असतो, क्रॉस, तसा?”

“तसाच, साहेब.”

“खुरसासमोर मला कोणी रेघ मारायला सांगितली असती,” ते म्हणाले, “मी पण पुढे गेलो असतो. पण मी दोन्ही रेघा घेऊन गेलो असतो, जयराम!”

आणि ते हसायला लागले. दादा हसावे की नाही या विचारात ताठ उभे. साहेबांनी मग वर लिहिले: मापनात चूक, संबंधितांना समज दिली, डांबरीकरणापासून पंचेचाळीसपर्यंतच्या सर्व नोंदी रद्द. पंचेचाळीस का, तर आमच्या रस्त्यावरचे पंचेचाळीस म्हणजे खरे एकेचाळीस आणि थोडे. तेवढे आम्ही नेहमीच सोडत होतो. शेहेचाळीसवाल्यांची सुटका नव्हती. त्यांतला एक मला पुढे दोन वर्षे ‘एक नंबरान चुकलंय’ असे ओरडून हाक मारत असे.

‘समज दिली’ म्हणजे काय ते दादांना नीट कळले नव्हते. बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारले. मी सांगितले, म्हणजे पुन्हा असे करू नका. ते म्हणाले, “बस, इतक्याच?” आणि समोरच्या हॉटेलात मला भजी खायला घातली.

नोंदी रद्द करायला ट्रकवाल्यांना रस्त्यावरच बोलावले. शनिवारी सकाळी टेबल मांडले, तेही राखणदाराच्या समोर नाही, जरा बाजूला. प्रत्येक परवान्यावर मी माझीच ओळ लाल शाईने खोडत होतो आणि खाली सही करत होतो. आपल्या चांगल्या अक्षराचा एवढा कंटाळा मला कधी आला नव्हता. ड्रायव्हर टोमणे मारत होते. “मास्तर, बरोबर खोडा हां, रेघ वायच फुडे जायत!” “हवालदारानू, माझ्या लग्नाची तारीखसुदिक मागे घेवन देवा!” दादा सगळ्यांना चहा देत फिरत होते.

विश्रामने नारळ आणला होता. तो म्हणाला, “जयरामदादानू, गाऱ्हाणा घाला. देवासमोर झाला, देवासमोरच मिटवा.”

गाऱ्हाणे घालण्यात, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला मोठ्याने साकडे घालण्यात, दादा पटाईत. टोपी काखेत धरून ते दगडासमोर उभे राहिले, मागे तीसेक ट्रकवाले.

“बा राखणदारा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“तुजो मान राखूक गेल्यार ह्या तुज्या लेकराकडसून रेघ चुकली, ती चूक पदरात घे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“ह्या गाडयेवाल्यांच्या परवान्यार जो डाग पडलो, तो धुवन काड रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” खाणीपर्यंत ऐकू गेले असेल.

“विश्रामचो ट्रक विश्रामच्याच हातात रवांदे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आणि आजपासून जो कोण खरोखरच चाळीसच्या वर जायत, तो ह्या मास्तराच्या घड्याळात बरोब्बर सापडांदे रे म्हाराजा!”

एकही आवाज आला नाही. तीस माणसे झाडाकडे, आभाळाकडे, आपल्या पायांकडे बघत उभी. मग मी एकट्याने म्हटले, “व्हय म्हाराजा.”

त्यानंतर जे हसू फुटले तसे हसू मी पुन्हा ऐकले नाही. दादांनाच इतके हसू आले की नारळ विश्रामला फोडावा लागला.

दुसरी रेषा त्याच दिवशी आठ मीटर पुढे गेली. टेप मी धरली. या सगळ्यात नुकसान झाले ते एकट्या पोदेराचे. सोमवारी तो भोंपू वाजवत आला. “आज कितले?” मी दादांकडे पाहिले, दादांनी माझ्याकडे. खोटे आकडे सांगायचे आता आमचे धाडस नव्हते. “अठरा,” मी म्हणालो. तो सायकलवरून खाली उतरला. आम्ही त्याला सगळे समजावून सांगितले. ते ऐकून तो म्हणाला, “बायलेक सांगूं नाकात.” आम्ही कधीच सांगितले नाही.

मी निवृत्त झालो तोवर यंत्रे आली होती. दादा त्याआधीच पेडण्याला घरी गेले होते. विश्रामने तो ट्रक आणि त्यानंतरचे दोन, खाणी थांबेपर्यंत चालवले. त्याच्या परवान्यावर तिसरी नोंद कधीच झाली नाही. पहिल्या दोन तर लाल शाईने खोडलेल्याच होत्या.

दादांच्या बाराव्याला तो आला होता. डोक्याचे केस पांढरे, एका डोळ्यात मोतीबिंदू. परतताना त्याने विचारले, “मास्तरानू, तुमका गाडी येता?” मी सांगितले की येत नाही, कधीच येत नव्हती. लोकांचा वेग मोजण्यात नोकरी गेली, सायकलपलीकडे काही शिकलो नाही. त्याला याचे फार नवल वाटले.

मोतीबिंदूमुळे आता त्यालाही गाडी चालवता येत नाही; तो महिन्यातून एकदा सकाळच्या बसने डिचोलीला येतो आणि संध्याकाळच्या बसने परत जातो. मधल्या वेळात आम्ही दोघे माझ्या ओसरीवर बसतो आणि जयरामदादांबद्दल बोलतो.